घरची वही आणि सरकारचा कागद

वही नवी असो वा जुनी, मराठी घरातल्या हिशेबाच्या पहिल्या पानावर सर्वांत वर ‘श्री’ असते. त्याखाली आरंभीची शिल्लक, मग डावीकडे जमा, उजवीकडे खर्च आणि तळाला अखेरची शिल्लक. गणेशोत्सवाचेही तसेच. उत्सव पार पडला की वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च वाचतो आणि आरास कितीही देखणी झालेली असली तरी मांडववाल्याच्या बिलाबद्दल एखादा सभासद प्रश्न विचारतोच. त्यात कोणी वावगे मानत नाही. जो पैसा हाताळतो त्याने हिशेब द्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

घराबाहेरच्या माणसाने, म्हणजे सरकारने, प्रत्येक मिळवत्या माणसाला ‘तुझी वर्षाची प्राप्ती किती?’ असे विचारण्याची रीत मात्र त्यामानाने नवी. तिला जेमतेम १६० वर्षांचा इतिहास आहे. घरची वही आणि सरकारचा कागद एकमेकांना कसे भेटले, आणि आता ते पुन्हा कसे दुरावत आहेत, याची ही हकीकत. आपल्यापैकी बहुतेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या संस्थानांत किंवा सीमेवरच्या मुलखांत राहिलेली असल्यामुळे या हकीकतीत आपले स्वतःचे असे एक प्रकरणही आहे.

आडनावांतला हिशेब

आपल्या सभासदांच्या यादीवर नुसती नजर टाकली तरी मराठेशाहीचे हिशेबखाते डोळ्यांपुढे उभे राहते. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, जमेनीस, दफ्तरदार, कुलकर्णी. ही सगळी मुळात हिशेबाशी किंवा दफ्तराशी जोडलेली कामे होती. नाना फडणवीसांचे घराणे भानूंचे. पण हुद्दाच असा चिकटला की तेच नाव इतिहासात राहिले.

पेशवाईच्या दफ्तरात रोजच्या व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत होई. ती खातेवार लावली की खतावणी होई आणि वर्षअखेरीस ताळेबंद निघे. त्याच्याही आधी, वर्ष सुरू होताना, अपेक्षित जमा आणि होणारा खर्च यांचा अंदाज बांधला जाई. त्याला बेहेडा म्हणत. आज आपण ‘बजेट’ म्हणतो ते याहून वेगळे नाही. दरबारची ही शिस्त सावकाराच्या पेढीवर होती आणि तिथून ती कारकुनाच्या, भिक्षुकाच्या, इनामदाराच्या घरात झिरपली. मोडीतली वळणदार अक्षरे, लाल कापडाची बांधणी आणि रुमालात गुंडाळलेली गेल्या सालांची दफ्तरे हे अनेक घरांच्या माळ्यावरचे चित्र होते.

मुलांना पाढे शिकवतानाही हाच विचार असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे बाजारहाटाची तयारी. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अशा नाण्यांत तोंडी हिशेब करायचा तर पाऊणकी पाठ हवीच.

ही वही कोणी मागत नव्हते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. शेतसारा जमिनीवर, जकात मालावर, मोहतर्फा धंद्यावर. घरात एकूण किती आले आणि किती गेले हे जाणून घेण्याची सरकारला गरज नव्हती. वही होती ती घराच्या उपयोगासाठी: दोन भावांत वाटणी नीट व्हावी, मुलीच्या लग्नाला किती उचलता येईल ते कळावे, देणेकऱ्याने दोनदा मागू नये म्हणून.

१८६०: सरकारचा पहिला प्रश्न

१८५७ च्या उठावाने इंग्रज सरकारची तिजोरी खाली केली. ती भरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन यांना पाठवले गेले. ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे हे संस्थापक १८५९ च्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला. त्यात प्राप्तिकर होता. हा कर या देशाला परका नाही हे सांगण्यासाठी त्यांनी चक्क मनूचा आधार घेतला. २४ जुलै १८६० पासून कायदा लागू झाला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्याला शेकडा २, त्यावरच्याला शेकडा ४. विल्सन मात्र तो राबवायला उरले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यातच अतिसाराने त्यांचा अंत झाला.

कराला विरोध झाला, आणि तोही सरकारच्या घरातूनच. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी जाहीरपणे त्याविरुद्ध लिहिले आणि त्यापायी त्यांना पद गमवावे लागले. लोकांचा राग तर दरापेक्षा चौकशीवर होता. छापील नमुना हातात आला. त्यात स्वतःची प्राप्ती स्वतः लिहायची, आणि ती पटली नाही तर अधिकारी आपल्या अंदाजाने आकडा ठरवणार. सरकारी नोकराचे काम सोपे होते, कारण त्याचा कर पगारातूनच कापला जाई. खरी अडचण दुकानदाराची, वकिलाची, सावकाराची. ज्याच्याकडे नीट वही होती त्याला ती दाखवून बोलता येई. ज्याच्याकडे नव्हती त्याच्या प्राप्तीचा आकडा दुसऱ्याच्या मर्जीवर. घरच्या वहीला साक्षीदाराचे मोल आले ते इथे.

हा पहिला कायदा पाच वर्षांसाठी होता. १८६५ साली तो संपला. पुढची वीस वर्षे धरसोडीची गेली: कधी परवाना कर, कधी प्रमाणपत्र कर, १८६९ ते १८७३ पुन्हा प्राप्तिकर, आणि दुष्काळानंतर १८७८ साली पुन्हा परवाना कर. या शेवटच्या करावरून सुरतेत दंगा उसळला. अखेर १८८६ साली कायम स्वरूपाचा कायदा झाला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले. एकत्र कुटुंबाची, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाची, स्वतंत्र करदाता म्हणून दखल घेतली गेली. या दोन्ही गोष्टी आजतागायत चालू आहेत.

पन्नास रुपयांचा कारकून आणि गोखले

१८८६ च्या कायद्यात वर्षाला ५०० ते २,००० रुपये प्राप्तीवर रुपयामागे ४ पै कर होता. महिना ५० रुपये पगाराचा कारकून धरा. वर्षाचे ६०० रुपये, त्यावर २,४०० पै, म्हणजे साडेबारा रुपये. आठवड्याहून थोडा अधिक पगार. घरात सहा खाणारी तोंडे असतील तर ही रक्कम कशातून काढायची, हा प्रश्न त्या घराच्या वहीत कुठेतरी सोडवलेला असणार: तुपाच्या ओळीत, कपड्यांच्या ओळीत, किंवा काशीयात्रा पुढे ढकलून.

या कारकुनाच्या वतीने बोलायला जो माणूस उभा राहिला तो मूळचा गणित शिकवणारा होता, ही मोठी छान गोष्ट. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत आणि त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून चालत असे. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडते आहे, आणि देश मात्र दुष्काळ-प्लेगाने पिचला आहे. ही शिल्लक भरभराटीची खूण नसून कर गरजेपेक्षा जड असल्याचा पुरावा आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० करा, ही त्यांची मागणी. आकडे जुळवण्यात सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांची त्यांना मोठी मदत असे.

१९०३ साली सरकारने दोन्ही गोष्टी केल्या. मिठाच्या मणामागे आठ आणे उतरले आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये झाली. आपला पन्नास रुपयांचा कारकून मोकळा झाला. घरच्या वहीतला ‘इतकी जमा, इतका खर्च, मग शिल्लक का?’ हा साधा प्रश्न गोखल्यांनी सरकारच्या वहीला विचारला होता.

आपल्या संस्थानांची गोष्ट

हे सगळे ब्रिटिश मुलखात. बेळगाव मुंबई इलाख्यात असल्याने तिथे १८६० पासूनच हे कायदे लागू. पण काही कोसांवरच्या सांगली, मिरज, कोल्हापूर संस्थानांत ते चालत नसत. एकाच घराण्याच्या दोन शाखा, एक बेळगावात आणि एक सांगलीत, एकसारखाच पगार मिळवूनही वेगळ्या हिशेबाने जगत होत्या.

बडोद्याची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे जातींवर आणि धंद्यांवर पूर्वापार चालत आलेले अनेक बारीकसारीक वेरे होते. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत ते काढून त्यांच्या जागी प्राप्तीवर कर आणला गेला. कर माणसाच्या जातीवर नको, त्याच्या ऐपतीवर हवा, हा विचार त्यामागे होता. याच महाराजांच्या पुढाकाराने १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली आणि शिलकीला घराच्या कोनाड्याबाहेर विश्वासाची जागा मिळाली.

ग्वाल्हेर-इंदूरकडे पगारदाराला प्राप्तिकराची झळ जवळपास नव्हती. इंदुरात होळकर सरकारचा औद्योगिक कर होता, पण तो गिरण्यांसाठी. निजामाच्या हैदराबादेत प्राप्तिकराचा कायदा संस्थानाच्या अगदी अखेरच्या काळात झाला.

मग विलीनीकरण आले. बडोद्यासारख्या प्रांतांत सामील झालेल्या संस्थानांना १९४९ साली, तर मध्य भारत आणि हैदराबाद यांना १ एप्रिल १९५० पासून देशाचा प्राप्तिकर कायदा लागू झाला. एकदम बोजा पडू नये म्हणून सुरुवातीच्या वर्षांत सवलतीही दिल्या गेल्या. तरीही ज्या घरात तीन पिढ्या संस्थानची चाकरी झाली आणि कोणी प्राप्ती विचारली नाही, त्या घराला विवरणपत्र हा कागद अनोळखीच होता. घरात वही होती म्हणून तो भरता आला.

गोव्यात हा कायदा १ एप्रिल १९६३ पासून आला आणि तिथे तो एका वेगळ्याच घरगुती हिशेबाला भिडला. पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामाईक. मग घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा कोणाच्या नावावर धरायचा? बराच काळ वाद चालल्यावर १९९४ साली कायद्यात कलम ५अ घालण्यात आले, तेही थेट १९६३ पासून लागू करून. पगार ज्याचा त्याचा, बाकीची प्राप्ती दोघांत निम्मी-निम्मी. घर दोघांचे आहे, ही गोष्ट विवरणपत्रातल्या रकान्यापर्यंत पोचल्याचे असे उदाहरण आपल्या देशात विरळाच.

वही सरकारी कामाला लागली

स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे घरच्या वहीसाठी मोठ्या धामधुमीची गेली. १९५३ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर कर आला. तो १९८५ पर्यंत टिकला. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले आणि वहीत काही महिने दोन्ही नाणी शेजारी-शेजारी नांदली. त्याच वर्षी निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने सरकारने चक्क खर्चावर कर बसवणारा कायदा केला. तो मोठ्या खर्चाच्या धनिक घरांपुरताच होता. पण त्याने घरातल्या खर्चाचाच हिशेब मागितला, त्यातही लग्नकार्य आणि आजारपण यांना वेगळी सूट देऊन. कर फारसा हाती लागला नाही. १९६२ साली तो उठला, १९६४ साली परत आला आणि १९६६ साली कायमचा गेला. घरात किती आले हे सरकारला विचारता येते. घरात काय, का आणि कोणासाठी खर्चले हे विचारून निभत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

१९६१ चा प्राप्तिकर कायदा आला तेव्हा दर चढत होते. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभारासह रुपयातले पावणेअठ्ठ्याण्णव पैसे सरकारचे होते. मध्यमवर्गाचा दर इतका नव्हता, पण कर वाचवायचा तर बचत करा, हा धडा याच काळात गिरवला गेला. विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, १९६८ पासूनचा पीपीएफ, टपाल खात्याची प्रमाणपत्रे. मार्च महिना आला की घराघरांत पावत्यांची शोधाशोध सुरू होई. त्यासाठी वर्षभर पावत्या जपाव्या लागत. कटकट खरीच, पण तिच्या निमित्ताने घर वर्षातून एकदा तरी आपल्या सगळ्या पैशाकडे एकत्र पाहत असे.

आपले विवरणपत्र आपण

दरम्यान कायदा हळूहळू करदात्यावर विश्वास टाकू लागला होता. आपला कर आपणच काढून तो भरून मगच विवरणपत्र द्यायचे, ही स्वयंनिर्धारणाची पद्धत १९६० च्या दशकात आली. १९९० च्या दशकात ‘सरल’ नावाचा सुटसुटीत नमुना निघाला. २००७ च्या सुमारास विवरणपत्राला कागद जोडणेच बंद झाले. आता तर संगणकावर नमुना उघडला की पगार, व्याज, लाभांश आधीच भरलेले असतात आणि आधारच्या ओटीपीने सही होते. वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ते २०२१ च्या नोव्हेंबरपासून दिसू लागले. साधा पगार किंवा पेन्शन आणि बँकेचे व्याज एवढीच प्राप्ती असलेल्या माणसाला हे काम तासाभरात स्वतः करता येते. १८६० साली सरकार विचारत होते, ‘तुझी प्राप्ती किती?’ आज ते म्हणते, ‘तुझी प्राप्ती एवढी, बरोबर ना?’

या बदललेल्या प्रश्नातच खरी गोम आहे. ‘बरोबर’ म्हणायचे की नाही, हे ठरवायला आपल्याकडे आपली नोंद हवी. आई आणि मुलगा यांच्या सामाईक ठेवीचे सगळे व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसते, मग पैसे कोणाचेही असोत. मोडलेली ठेव, विकलेले शेअर, मिळालेले भाडे यांत घोळ होऊ शकतो. एआयएसमध्ये हरकत नोंदवायची सोय आहे; पण हरकत घ्यायला आधी चूक कळली पाहिजे. वही नसलेला १८६० चा दुकानदार अधिकाऱ्याच्या अंदाजापुढे हतबल होता, तसा वही नसलेला आजचा करदाता छापील आकड्यापुढे मान डोलावतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २०२० साली आलेली नवी करव्यवस्था आता सर्वांसाठी मूळ पर्याय झाली आहे. तिच्यात दर कमी, पण विमा, पीपीएफ, घरभाडे यांच्या बहुतेक वजावटी नाहीत. २०२५-२६ पासून तिच्यात सर्वसाधारण १२ लाखांपर्यंतच्या प्राप्तीवर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावटही मिळते. इथे एक सांगायला हवे: कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको, असा याचा अर्थ नाही. प्राप्ती ४ लाखांच्या मूळ मर्यादेपलीकडे असेल तर ते भरावेच लागते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा कायदा आला आणि ‘आधीचे वर्ष’, ‘निर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ उरले. हे सगळे सोपे झाले हे चांगलेच.

पण या सोपेपणाची एक बाजू आपल्या ध्यानात यायला हवी. साठ वर्षे मार्च महिन्याने आपल्याला पावत्या जपायला लावले, विमा घ्यायला लावला, घरातले पैसे मोजायला लावले. ते निमित्त आता गेले. सरकार आपली प्राप्ती आपल्यापेक्षा आधी जाणते, आणि आपण कशात बचत करतो याची त्याला फारशी पर्वा राहिलेली नाही. म्हणजे १८६० च्या आधी होती तशी वही पुन्हा निव्वळ घराची झाली. तिला आता कोणी मागत नाही. म्हणूनच ती बंद पडण्याचा धोका आज जास्त आहे.

सरकारच्या पडद्यावर घरातली जमा दिसते, पण घर दिसत नाही. वाणसामान, औषधे, मुलाच्या वसतिगृहाचे पैसे, सोसायटीचा खर्च, कामवाल्या बाईंना दिलेली उचल, भिशीत गुंतलेली रक्कम यांतले काही तिथे नाही. कोणती पॉलिसी चालू आहे, कोणत्या ठेवीवर कोणाचे नामनिर्देशन आहे, लॉकरची किल्ली कुठे आहे, हेही नाही. आपल्या समाजात अशी घरे थोडी नाहीत की जिथे सगळा व्यवहार एकाच्या डोक्यात असतो, बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या. आणि तो माणूस अचानक गेला की बायको आणि मुले वर्ष वर्ष बँकांचे खेटे घालतात. पैसा असतो, पण माहिती नसते. जुन्या वहीचे सगळ्यांत मोठे देणे हेच होते की ती घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचता येत होती.

त्यासाठी लाल कापडाची वही किंवा मोडी अक्षर लागत नाही. शाळेची शंभर पानी वही चालेल, संगणकावरचा तक्ता चालेल. महिन्याच्या सुरुवातीला छोटासा बेहेडा: इतके येणार, इतके ठरलेले जाणार, इतके बाजूला. महिनाअखेरीस ताळेबंद. आणि वर्षातून एकदा, विवरणपत्र भरताना, नवरा-बायकोने आणि जाणत्या मुलांनी एकत्र बसून ते आकडे वहीशी ताडून पाहावेत. मुलगी-मुलगा पहिला पगार घेऊन येईल त्या वर्षी त्यांचे विवरणपत्र त्यांनाच भरायला लावावे, आपण फक्त शेजारी बसावे. पाऊणकीचे पाढे गेले, पण त्यांमागचे शिक्षण जायला नको.

मंडळाच्या सभेत मांडववाल्याच्या बिलावर आपण हक्काने प्रश्न विचारतो. तोच हक्क घरातल्या प्रत्येकाला घरच्या जमाखर्चाबद्दल असावा, आणि त्याचे उत्तर एका वहीत लिहिलेले सापडावे. यंदा लक्ष्मीपूजनाला नवी वही आणाल तेव्हा तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहा, आरंभीची शिल्लक लिहा, आणि ती घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.